अंड्यांच्या वजनाचं पीठ

मला शिसारी आणणाऱ्या गोष्टी या गावात पुष्कळ आहेत. जेलीत गोठवलेलं किसलेलं गाजर आहे, चर्चच्या तळघरात सकाळपासून उकळत ठेवलेली कॉफी आहे, डबाबंद सुपात बुडवून भट्टीत घातलेल्या शेंगा आहेत. पण पहिला मान कपाचा. चहाचा नव्हे, मापाचा. दांड्याचा, पत्र्याचा, आणि इथल्या बायका ज्याच्यावर बायबलाच्या खालोखाल विश्वास ठेवतात तो.

मापानं मोजण्याला माझी ना नाही. मापट्या-पायलीनं ज्वारी मोजताना मी लहानपणी पाहिलंय. ज्वारीचा दाणा सरळ असतो, कसाही भरा, तो आपल्या जागेवर राहतो. मैदा मात्र आतल्या गाठीचा. चमच्यानं हलकेच भरला तर एक, डब्यात कप खुपसून काढला तर दुसरा, आणि वर ओट्यावर आपटला तर तिसराच. आणि या तिन्हींना म्हणायचं काय, तर 'एक कप'. माझा नवरा गुरांचा डॉक्टर, म्हणून आम्ही अमेरिकेत, मिनेसोटातल्या या गावात आलो, त्याला आता तीस वर्षं होऊन गेली. माझं यावरचं डोकं अजून शांत झालेलं नाही.

माझी शेजारीण आर्डिस टॉलेफसन ही या कपपंथाची मुख्य पुजारीण. वय ऐंशीच्या पुढे, हाडापेरानं दणकट, आवाज असा की फाटकातून हाक मारली तर पलीकडच्या शेतातलं कुत्रं उठून बसेल. उभं आयुष्य तिनं शाळेची बस चालवली. बर्फाचं वादळ असो, तिच्या बसमध्ये पोरं रांगेत बसायची आणि तोंडातून ब्र काढायची नाहीत. तीच पोरं आता टकली झालीत, पण पेट्रोल पंपावर ती दिसली की अजून टोपी काढतात.

कोणाच्या हाती परदेशातली कृती पडली, वजनानं लिहिलेली, की ती बाई धावत आर्डिसकडे यायची. अमुक इतके ग्रॅम म्हणजे किती कप गं? आर्डिस विणकामातून मानसुद्धा वर काढायची नाही.

"एक कप म्हणजे अर्धा पौंड," ती म्हणायची. "दोन कपांचा पिंट. आणि पिंटभर म्हणजे पौंडभर, अख्ख्या जगात तेच. शाळेत शिकवलंय आम्हाला."

"पण कशाचा कप?" मी एकदा न राहवून विचारलं.

"कशाचाही."

"कापसाचा?"

"तू कापूस खातेस का कुंदा?"

पाण्याला, लोण्याला हे गणित बरंचसं लागू पडतं. साखरेलाही फार वाकडं जात नाही. मैद्याला ते लागू करणारा माणूस माझ्या माहितीत एकच, आणि गाव सगळा त्याच माणसाकडे जायचा. परिणाम असा की जर्मन सुनेचा केक असो की डॅनिश मावशीचा, या गावात आला की मधोमध बसलाच. पीठ निम्मं, लोणी पूर्ण. वरून तपकिरी साय, आत चिखल, आणि ताटलीला तुपकट ओघळ. तो घास जिभेवर ठेवला की टाळूला मेणकापड चिकटल्यासारखं वाटतं.

आणि कोणी बोलायचं नाही. या गावात जे घशाखाली उतरत नाही त्याला 'वेगळंच आहे हं' म्हणतात. एवढं म्हणून पुन्हा कॉफी घ्यायची. ताटलीत शेवटचा तुकडा उरला की तो कोणी घ्यायचा नाही, जी येईल ती त्याचा अर्धा कापून घेणार, उरलेल्याचा पुढची अर्धा कापणार, शेवटी चिमणीच्या घासाएवढा तुकडा दिवसभर पडून राहणार. ही यांची सभ्यता! मला तर त्या तुकड्याकडे बघूनच मळमळायचं.

आर्डिसला हात नव्हता असं नाही, बरं का. जे पदार्थ कपातच जन्मले ते तिच्या हातचे अप्रतिम. तिच्या लिंबाच्या वड्या खाऊन मी देशातली आंबावडी विसरले, हे माझ्या आईला कधी सांगितलं नाही. वजनात जन्मलेले पदार्थ तेवढे तिच्या कपात मरायचे.

तिचं एकूणच वजनाशी वाकडं होतं. लोणी घ्यायची ते वेष्टनावर कप-चमच्याच्या रेघा छापलेलं. नवऱ्यानं तळ्यातून मासा आणला तर त्याची लांबी विचारायची, आणि तो पौंड सांगायला लागला की खोलीतून उठून जायची. इथे मूल जन्मलं की नावाआधी वजन सांगायची पद्धत आहे, हिनं नातवंडांचं वजनही कधी ऐकून घेतलं नाही. दवाखान्यात काट्यावर उभं राहायला साफ नकार. नर्स म्हणाली, "नियम आहे", तर ही म्हणाली, "मग तूच उभी राहा." मला वाटायचं, हट्टी म्हातारी आहे, दुसरं काय!

मग तिच्या नवऱ्याला, पाल्मरला, अर्धांगाचा झटका आला. त्याला गावाबाहेरच्या वृद्धाश्रमात ठेवावं लागलं, आणि हिवाळ्यात त्यानं खाणं सोडलं.

त्याचा मी त्याला दोष देत नाही. ते अन्न मी पाहिलंय. गिळायला त्रास होतो म्हणून सगळं वाटून, आइस्क्रीमच्या डावानं ताटलीत तीन गोळे घालायचे. नारिंगी गोळा गाजराचा, हिरवा वाटाण्याचा, आणि तिसरा जो मातकट, ते मांस. वर कोमट रस्सा. आमच्याकडे कावळ्यालासुद्धा पिंड याहून बरा मिळतो. पाल्मर तोंड मिटून भिंतीकडे बघायचा. आर्डिस रोज दुपारी जाऊन बसायची, चमचा घेऊन. "उघड रे तोंड. बसमध्ये मी याहून हट्टी पोरं वठणीवर आणलीत." तो उघडायचा नाही.

दर सोमवारी तिथे माणसांची वजनं करतात. मार्गिकेच्या मधोमध खुर्चीचा काटा ठेवलेला असतो, त्यावर एकेकाला बसवायचं. पाल्मरचा आकडा दर सोमवारी खाली जात होता. ती वेळ आली की आर्डिस न्हाणीघरात जाऊन उभी राहायची. डॉक्टरनं तिला समोर बसवून सांगितलं, की पोटात नळी घालावी लागेल, नाहीतर आहे ते मान्य करावं लागेल. आणि नळी नको, हे पाल्मरनं धडधाकट असतानाच सगळ्यांना बजावून ठेवलं होतं. म्हणजे तोंडावाटे काही गेलं तर गेलं, नाहीतर वसंत काही त्याला दिसत नव्हता.

त्या दिवसांत एका दुपारी तो आपणहून बोलला. "आईचा केक," म्हणाला.

त्याची आई गुडरून नॉर्वेहून आलेली. तिचा केक आर्डिसनं शंभरदा होताना पाहिला होता. त्यात लिहून ठेवण्यासारखं काही नव्हतंच. काट्याच्या एका पारड्यात अंडी ठेवायची, दुसऱ्यात अंड्यांच्या वजनाचं लोणी, मग तेवढीच साखर, मग तेवढंच पीठ. वेलदोडा कुटून घालायचा. संपलं.

"सगळं सारखंच तर आहे," आर्डिस मला म्हणाली. तिनं पाच अंडी फोडून कपात ओतली, कप भरला. म्हणून एक कप लोणी, एक कप साखर, एक कप पीठ.

"आर्डिस, वजन सारखं. कप नव्हे."

"पिंटभर म्हणजे—"

"पौंडभर, माहितेय. भट्टी तापव."

केक निघाला तो तळ्यासारखा. कडा वर, मध्य खाली, आणि त्या खळग्यात लोणी तरंगत होतं. मी वास घेतला आणि तोंड फिरवलं. तिनं तरी तो डब्यात भरला, वृद्धाश्रमात नेला, कॉफीत भिजवून पाल्मरच्या तोंडात घातला. त्यानं क्षणभर तो तोंडात धरला. मग जिभेनं हळूच बाहेर ढकलला. घास हनुवटीवरून गाऊनवर ओघळला.

"हा नाही," तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी तिनं पीठ तीनदा चाळून घेतलं. चाळलं की पीठ आणखी फुगतं, म्हणजे कपात आणखी कमी मावतं. केक आणखी खोल बसला. तिसऱ्या दिवशी भट्टीचा वरचा कप्पा, चौथ्या दिवशी खालचा. पाल्मर प्रत्येक वेळी जिभेनं बाहेर ढकलायचा आणि म्हणायचा, "हा नाही." आणि सोमवारी आकडा पुन्हा खाली आला.

त्या संध्याकाळी मी माझा स्वयंपाकघरातला छोटा काटा पिशवीत घालून तिच्या ओट्यावर नेऊन ठेवला.

"हे काय?"

"पाच मिनिटांचं काम आहे. अंडी ठेव, आकडा बघ, तेवढंच—"

"उचल."

"आर्डिस—"

"उचल म्हटलं ना! आकडा दाखवणारी वस्तू माझ्या घरात नको."

माझं टाळकंच फिरलं. "तुझा नवरा तिकडे उपाशी मरतोय," मी म्हटलं, "आणि तू इथे कप कवटाळून बसलीस. किळस येते मला तुझ्या या हट्टाची. लोण्याचा चिखल भरवतेस त्याला, आणि वर म्हणतेस अख्ख्या जगात तेच!"

ती खाली बसली. इतकी मोठी बाई, पण बसली तेव्हा खुर्ची वाजलीसुद्धा नाही.

"गुडरूनचा काटा आमच्याकडेच होता," ती म्हणाली. "पितळी पारड्यांचा. मी तो गोठ्यामागच्या दलदलीत फेकला. पाल्मरनं एका शब्दानं विचारलं नाही, का म्हणून."

"मग मी विचारते."

तिनं सांगितलं. ती तिशीत असताना गावच्या बायकांनी वजन उतरवायचं मंडळ काढलं होतं. दर मंगळवारी चर्चच्या तळघरात जमायचं, धान्याच्या कोठारातून आणलेल्या मोठ्या काट्यावर एकेकीनं चढायचं. आकडा वाचायची लाव्हॉन ब्रेकी. लाव्हॉन म्हणजे आजही चर्चच्या स्वयंपाकघराच्या किल्ल्या जिच्या कमरेला असतात तीच. उतरलं तर टाळ्या. वाढलं तर त्या बाईच्या गळ्यात गुलाबी फडकं बांधायचं, त्यावर डुकराचं तोंड शिवलेलं, आणि बाकीच्यांनी डुकरासारखं ओरडायचं. सगळं हसत हसत. प्रेमानं म्हणे.

"एका मंगळवारी माझं वाढलं," आर्डिस म्हणाली. "का वाढलं ते मला ठाऊक होतं. पाल्मरला ठाऊक होतं. आठ वर्षं वाट पाहिली होती आम्ही. तीन महिने पुरे झाल्याशिवाय कोणाला सांगायचं नाही, असं गुडरूननं बजावलं होतं. मग काय बोलणार? बांधलं फडकं. अर्धा तास बसले ते घालून. पोटात माझं लेकरू, आणि भोवती सगळ्या डुकरासारख्या ओरडताहेत."

मी खुर्ची ओढून तिच्यासमोर बसले.

"पुढच्या महिन्यात उतरलं. सगळं गेलं होतं ना. मी तरीही गेले. नसते गेले तर विचारलं असतं, का नाही आलीस. लाव्हॉननं आकडा वाचला, केवढ्यानं तरी! आणि टाळ्या वाजवल्या. सगळ्यांनी वाजवल्या. उभ्या राहून." तिनं ओट्यावरचा कप उचलून पालथा ठेवला. "घरी आले आणि काटा फेकला. पोरगा लोरेन त्यानंतर चार वर्षांनी झाला. त्याचंही वजन मी विचारलं नाही."

ते गुलाबी फडकं मी ओळखत होते. ते अजून चर्चच्या स्वयंपाकघरात शेगडीशेजारच्या खुंटीला लटकतंय, गरम भांडी उतरवायला वापरतात. पोराबाळांचं काहीतरी जुनं असेल असं समजून मी स्वतः त्यानं कितीतरी पातेली उतरवलीत. त्याच तळघरात बसून मी त्यांची ती काळी कॉफी प्यायलेय, आणि लाव्हॉननं माझा हात धरून 'किती गोड आहेस तू' म्हटलंय. शी! हात कितीही धुतले तरी त्या रात्री मला ते स्वच्छ वाटले नाहीत. मी काटा उचलला, पिशवीत टाकला आणि घरी आले.

सकाळी तिनं फाटकातून हाक मारली. "कुंदा! ये इकडे."

स्वयंपाकघरात कपाटाच्या मुठीला एक लाकडी हँगर टांगला होता, पाल्मरच्या कोटाचा. त्याच्या दोन टोकांना खाचा पाडून सुतळीनं पत्र्याच्या दोन ताटल्या बांधल्या होत्या. एक बाजू जरा हलकी होती, तिथे कपड्याचा चिमटा लावून तिनं समतोल साधला होता. एका ताटलीत पाच अंडी.

"यात आकडा नाही ना," ती म्हणाली. "कोण जड, कोण हलकं, एवढंच सांगतो. आणि तेही मलाच."

तिनं लोणी घातलं. कपाहून थोडं जास्त लागलं. साखर जवळजवळ दीड कप. मग पीठ. तिनं सवयीनं एक कप घातलं आणि थांबली. अंडी खाली, पीठ हवेत. आणखी अर्धा कप. पीठ हवेतच. दुसरा कप पुरा झाला तरी ताटली वरच. तिचा चेहरा बघण्यासारखा झाला. आणखी थोडं घातलं तेव्हा कुठे हँगर सरळ झाला.

"दुपटीहून जास्त," ती म्हणाली.

"हो."

"म्हणजे गावभर मी जे सांगत आले..."

"सगळे बसले. एकूण एक."

"आणि कोणी बोललं नाही मला?"

"वेगळंच आहे हं, म्हणत होते की."

"शी!" आर्डिस म्हणाली, आणि तोंडात कडू बी आल्यासारखं तोंड केलं. "काय घाणेरडे लोक आहोत गं आम्ही. खोटं हसायचं आणि खोटं गिळायचं."

तो केक वर आला. साधा, पिवळसर, वरून एक भेग, आणि घरभर वेलदोड्याचा वास. दुपारी तिनं तो कॉफीत भिजवून पाल्मरपुढे धरला. त्यानं घास घेतला. तोंडात धरला. आम्ही दोघी त्याच्या हनुवटीकडे बघत होतो. मग त्याचा गळा हलला.

"हा तू नाही केलास," तो म्हणाला. "हा आईनं केलाय."

लग्नाला साठ वर्षं झालेल्या बाईला याहून मोठा अपमान कोणता? आर्डिस म्हणाली, "हो बाबा, आईनंच केलाय. खा." आठवडाभर ती रोज ताजा केक घेऊन गेली. दूध घालून, साय घालून, सफरचंदाचा गर घालून. त्या मातकट गोळ्याची ताटली ती स्वतः उचलून कचऱ्यात रिकामी करायची आणि वर परिचारिकेकडे बघायची, बोल काय बोलतेस म्हणून.

सोमवार आला. मार्गिकेत खुर्चीचा काटा मांडलेला. तिथली सेविका होदान, मूळची सोमालियाची, सगळ्या म्हाताऱ्यांची लाडकी. तिनं पाल्मरला अलगद खुर्चीवर बसवलं. आर्डिस न्हाणीघराकडे निघालीही होती. तेवढ्यात समोरून लाव्हॉन आली, हातात चर्चची फुलं, चेहऱ्यावर तेच साखरेत घोळलेलं हसू.

"अगं आर्डिस, कसे आहेत हे? आम्ही सगळ्या प्रार्थना करतोय हं."

आर्डिस वळली. न्हाणीघराचं दार उघडं राहिलं. ती परत येऊन काट्याजवळ उभी राहिली, आयुष्यात पहिल्यांदाच.

होदाननं काचेवर बघितलं, तिच्या डोळ्यांत एकदम चमक आली. ती आर्डिसच्या कानाशी वाकून कुजबुजली. इथे आकडे हळूच सांगायचा नियम आहे.

"मोठ्यानं सांग," आर्डिस म्हणाली.

"आजी, सगळे ऐकतील."

"ऐकू दे. मोठ्यानं सांग, पोरी."

होदाननं मोठ्यानं सांगितलं. गेल्या सोमवारपेक्षा दोन पौंड जास्त. टोकाच्या खोलीतल्या म्हाताऱ्यानंसुद्धा मान बाहेर काढली. आणि लाव्हॉननं, सवयीनंच असेल, फुलं काखेत धरून टाळ्या वाजवल्या.

आर्डिसनं तिचे दोन्ही हात आपल्या एका हातात धरले. बसचं चाक फिरवून रुंद झालेला तो पंजा.

"वाढलंय, लाव्हॉन," ती म्हणाली. "वाढलं की तू फडकं बांधायचीस. आठवतं?"

"अगं, किती जुनी गोष्ट ती. गंमत होती सगळी."

"मी पोटुशी होते."

लाव्हॉनचं हसू तसंच राहिलं, नुसतं त्यातलं माणूस निघून गेल्यासारखं झालं. ती बोटांवर वर्षं मोजायला लागली, बहुधा लोरेनच्या जन्मापर्यंतची, ओठ न हलवता. मग तिला पुढच्या महिन्यातला तो टाळ्यांचा मंगळवारही आठवला असावा. काखेतली फुलं खाली पडली. ती उचलायला मी वाकले नाही, होदानही नाही.

आर्डिसनं तिचे हात सोडले आणि डबा उघडला. पाल्मरनं तोंड उघडलं होतं.